द्राक्षबागेचा २५० मीटर रस्ता, परतीचा पाऊस आणि मिनी ट्रॅक्टर : चिखल काढायची रीत

कादवाकाठ :
राम राम मंडळी. निफाड तालुका, काळी जमीन. डांबरी सडकेपासून बागेतल्या शेडपर्यंत २५० मीटर लांब आणि १० फूट रुंद मुरमाचा रस्ता आहे. दोन्ही अंगांना बाग, आणि रस्ता आता शेजारच्या वावरापेक्षा अर्धा फूट खाली गेलाय. चाकोऱ्या सहा इंच खोल, वर तीन इंचांचा रेंदा (पातळ चिखल). गोडी छाटणी (फळासाठीची) झालेली आहे, पाऊस थांबत नाही, डाऊनी रोगाच्या फवारण्या चुकवता येत नाहीत. ६०० लिटरचा ब्लोअर (फवारणी यंत्र) भरून नेला की मध्यावर रुततो.
घरी २४ एचपीचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर आहे. चिखल खरवडायला ब्लेड, म्हणजे पातं, घ्यायचं ठरतंय. विचारायचं असं : मागचं ब्लेड की पुढचा डोझर? किती फुटी? ओल्यात मारायचं की वाळल्यावर? आणि मुरूम किती ब्रास (१०० घनफुटांचा एक) लागेल?

दिंडोरीचा_मळा :
भाऊ, ब्लेडचं नंतर बघू. रस्ता वावराच्या खाली गेलाय हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळं दुखणं तिथंच आहे. रेंदा काढताना ब्लेड थोडा मुरूमही नेतं. दर वर्षी असंच खरवडत राहिलात तर रस्ता आणखी खाली जाईल आणि पाच-सात पावसाळ्यांत त्याचा ओहोळ होईल. दोन्ही बागांचं पाणी त्यातूनच वाहणार. म्हणून आधी पाण्याला वाट, मग पातं, मग मुरूम. हा क्रम मोडला की मुरमाचे पैसे चिखलात जातात.

आज फवारणी अडली आहे तर आज हे करा. पावडं-कुदळ घेऊन रस्त्याच्या कडेच्या वरंब्यात दर आठ-दहा मीटरला एक वीतभर रुंद तोंड पाडा आणि साचलेलं पाणी सोडा. रस्ता खाली असल्याने सगळीकडे ते जमणार नाही. जिथं जमेल तिथं करा, बाकी ठिकाणी चाकोऱ्या एकमेकींना जोडून पाणी उताराच्या टोकाकडे न्या. पाणी उभं असताना ब्लेड घालू नका. पाणी आणि माती ढवळून पातळ काला होतो, तो पात्याच्या दोन्ही बाजूंनी मागे वाहतो आणि तुमच्या फेरीचा काही उपयोग राहत नाही.

आणि ब्लोअर भरून नेऊच नका. ६०० लिटर म्हणजे ६०० किलो नुसतं पाणी. बागेच्या टोकाला हजार लिटरची टाकी ठेवा, ठिबकच्या मेनलाइनवरून एक कॉक काढून ती भरा आणि औषध तिथंच कालवा. रस्त्यावरून रिकामा ब्लोअर जाईल. रस्त्यावरचा भार कमी करायला याहून स्वस्त उपाय नाही.

मुरूमखडी :
वरच्या प्रतिसादाशी सहमत. ब्लेड कधी घालायचं ते वाफशावर, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी असताना, ठरवा. दोन इंच खालची माती मुठीत दाबा. बोटांना चिकटून राहिली तर थांबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे चार-पाच तुकडे झाले तर तीच वेळ. गोळाच होत नसेल तर उशीर झालाय. वाळलेली काळी माती ढेकळांनी निघते आणि प्रत्येक ढेकळाबरोबर खालचा मुरूम उचकटून येतो. काळ्या जमिनीत पाऊस उघडल्यावर ही वेळ फार थोडी मिळते, तेव्हा ब्लेड आधीपासून जोडून तयार ठेवा.

वजनाचा अंदाज देतो. २५० मीटर × ३ मीटर × ८ सेंमी म्हणजे ६० घनमीटर, म्हणजे २१ ब्रासच्या आसपास. ओल्या चिकण मातीचं वजन घनमीटरला पावणेदोन टनांच्या वर असतं. शंभर टनांहून जास्त माल झाला. साडेसहाशे-सातशे किलोचा ट्रॅक्टर तो एका दमात हलवणार नाही. एकेक इंचाचे तीन थर काढायचे.

वडाळीभोई_ताई :
मागचं ब्लेड की पुढचा डोझर, यावर कोणी लिहिलं नाही अजून.

मुरूमखडी :
ताई, २४ एचपीला मागचं ब्लेड. कारणं सांगतो.

पुढच्या डोझरचं वजन पुढच्या एक्सलवर येतं. मिनी ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल आणि त्यातले बेव्हल गिअर लहान असतात. डोझर दगडाला किंवा झाडाच्या बुंध्याला अडला की सगळा दणका त्यांच्यावर जातो. डोझर बसवायचाच असेल तर त्याची चौकट मागच्या एक्सलच्या हाउसिंगपर्यंत नेलेली असावी. नुसती पुढच्या सपोर्टला बोल्ट केलेली नको. शिवाय डोझरला वेगळे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह लागतात. डोझरचा फायदा एकच : माल समोर दिसतो आणि चाकं साफ झालेल्या जागेवरून चालतात. मागच्या ब्लेडला चाकं आधी चिखलातून जातात, मग पातं येतं. म्हणून मधून सुरुवात करून कडेला सरकायचं. एक चाक तरी साफ पट्ट्यावर राहतं.

रुंदीचा हिशोब : पातं ३० अंशांत तिरकं लावलं की त्याची खरी रुंदी ०.८७ पटच राहते. ४ फुटी पातं साडेतीन फूट साफ करतं. बागेतल्या मिनी ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी साधारण ४० इंच, म्हणजे सव्वातीन फुटांच्या थोडी वर असते. चाकाची खूण पुसायला ४ फूट पुरतं. ५ फुटी पातं दिसायला बरं, पण ओल्या काळ्या मातीत ते ट्रॅक्टर ओढत नेणार नाही, आणि बागेच्या ओळीत वळताना त्याचं टोक मांडवाच्या लोखंडी अँगलला लागेल. वजन ९० ते १२० किलोंच्या दरम्यान असू द्या. हलकं पातं चिखलावर तरंगतं.

वेल्डिंग_ओझर :
पात्याबद्दल थोडं. गावोगावचे फॅब्रिकेटर ६ मिमी प्लेटचं पातं वाकवून देतात. ते चालतं, पण खालची धार वेगळी आणि बोल्टची हवी. धार दोन्ही बाजूंनी वापरता येईल अशी भोकं पाडून घ्या. एक बाजू झिजली की उलटवायची.
भंगारात जुन्या ग्रेडरची पाती मिळतात, धारेला उत्तम. मात्र ती उच्च कार्बनच्या पोलादाची असतात. साध्या रॉडने थेट वेल्ड केली की जोडाशेजारी तडे जातात आणि पहिल्याच दगडाला तुकडा उडतो. वेल्ड करायचीच असेल तर आधी तापवून आणि ७०१८ रॉडने, तोही कोरडा केलेला. त्यापेक्षा बोल्ट बरे. चौकोनी मानेचे, सपाट डोक्याचे नांगराचे बोल्ट घ्या, म्हणजे डोकं झिजत नाही आणि माती अडकत नाही.
कोन बदलायची पिन नुसती सरळ सळई नको. दोन्ही टोकांना आर-पिन हवी. तिरक्या पात्यावर बाजूचा दाब सतत असतो, पिन हळूहळू सरकते आणि पातं एकदम फिरतं.

दिंडोरीचा_मळा :
आता जोडणी आणि फेऱ्या, क्रमाने.

जोडणी. खालच्या दोन्ही लिंकच्या चेक चेन ताणून घ्या, इंचभरच ढील राहू द्या. सैल चेनवर तिरकं पातं एका बाजूला पळतं आणि टायरला घासतं. मग हायड्रॉलिक. पीसी-डीसीचे दोन लिव्हर असतील तर काम पीसीवर, म्हणजे पोझिशन कंट्रोलवर करायचं. डीसी, म्हणजे ड्राफ्ट कंट्रोल, चालू राहिला तर ओढ वाढली की लिफ्ट आपोआप उचलते, कमी झाली की सोडते. नांगराला हे हवंच असतं, पण रस्त्यावर त्यामुळे लाटा पडतात. पाचपाच फुटांवर उंचवटे आले की समजा डीसीचा घोळ आहे.

टॉप लिंक. नुसत्या पात्याला (मागे-पुढे पेटी नसलेल्या) टॉप लिंक लांब केली की खालची धार पुढे येते आणि खोल घुसते. आखूड केली की पातं पुढे कलतं, धार मागे राहते आणि वरवर खरवडलं जातं. रेंदा काढताना आखूड. चाकोऱ्यांमधला कडक उंचवटा कापायचा तेव्हा दोन-तीन आटे लांब.

आडवा कल. उजव्या लिफ्ट रॉडवर लेव्हलिंगचं हँडल असतं. मधून कडेकडे ४ टक्के उतार हवा, म्हणजे ४ फुटी पात्याच्या दोन टोकांत ५ सेंमी फरक. सपाट जागेवर पातं टेकवून एका टोकाखाली ५ सेंमीची फळी सरकवा आणि त्यावर हँडल जुळवा. नजरेने जुळवलेला कल हमखास चुकतो.

फेऱ्या. फोर व्हील टाका, लो दुसरा गिअर, इंजिन १५०० ते १८०० आरपीएम, वेग ताशी ४ किमीच्या आसपास. मधल्या रेषेपासून सुरुवात, माल डाव्या कडेकडे. पुढची फेरी अर्धा फूट आधीच्या पट्ट्यावर चढवून. मग परत येताना दुसरी बाजू. १० फुटांच्या रस्त्याला एका थराच्या चार फेऱ्या, तीन थरांच्या बारा. २५० मीटरला एक फेरी पावणेचार मिनिटांची, म्हणजे पाऊण तास नुसतं चालणं आणि वर वळणं. सव्वा तासात काम उरकतं, डिझेल तीन-चार लिटर.

डिफरन्शियल लॉक फक्त सरळ चालीत. वळायच्या आधी सोडा, नाहीतर एक्सलच्या गिअरवर ताण येतो. आणि डांबरी सडकेवर आल्यावर फोर व्हील काढून टाका. पुढच्या चाकांचा वेग मागच्यांपेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. चिखलात तो घसरून जिरतो, कडक जागेवर टायर आणि गिअर झिजवतो.

सिन्नरकर :
पेटीवाला लेव्हलर असेल तर टॉप लिंकचं उलट होतं, हे नवीन माणसाने लक्षात ठेवावं. पेटीला टॉप लिंक आखूड केली की पुढचे दात आणि पुढची धार खाली जाते, म्हणजे जास्त खणते. लांब केली की मागची धार टेकते आणि सपाटी होते. बाकी वरच्या पोस्टमध्ये सगळं आलंय.

कादवाकाठ :
फार मोलाची माहिती, धन्यवाद. कडेला जो माल जमेल त्याचं काय करायचं? तिथं दोन्हीकडे बाग आहे.

मुरूमखडी :
कडेला वरंबा म्हणून ठेवायचा नाही, एवढं पक्कं. तो पाणी अडवतो आणि पुढच्या पावसात आहे तिथंच परत रस्त्यावर वाहतो. लगेच त्यात दर दहा मीटरला तोंडं पाडा. वरंबा वाफशावर आला की ट्रॉलीत भरून न्या. ओला भरला तर फाळक्याला चिकटतो, ट्रॉली उलटवूनही निघत नाही. वरचा इंचभर थर निव्वळ काळी माती असते, ती बांधावर किंवा खोलगट वावरात चालते. खालच्या थरात मुरूम मिसळलेला असतो, तो बागेत नको. शेडपुढच्या खड्ड्यात वापरा.

रोटाव्हेटर मारून चिखल वाळवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. रस्त्यावर रोटाव्हेटर कधीच घालू नका. उरलासुरला मुरूम काळ्या मातीत कालवला जातो आणि मग रस्ता म्हणून काही शिल्लक राहत नाही. केज व्हील (लोखंडी पिंजऱ्याची चाकं) लावून जाणंही तसंच वाईट.

वडाळीभोई_ताई :
एक सूचना. ब्लेड घालायच्या आधी रस्त्याखालून आणि कडेने काय काय गेलंय ते खुणा करून ठेवा. ठिबकच्या सबमेनचे फ्लश व्हॉल्व्ह बहुधा रस्त्याच्या कडेलाच वर आलेले असतात, चिखलात दिसत नाहीत. मोटारीची केबल, व्हॉल्व्हचे खड्डे, आणि ओळीच्या शेवटच्या अँगलला दिलेल्या ताणाच्या तारा. पात्याचं टोक ताणाच्या तारेत अडकलं तर एका ओळीवर भागत नाही, मांडवाचा तोल जातो. प्रत्येक ठिकाणी चुन्याची फक्की मारलेली काठी रोवली तरी पुरे.

सिन्नरकर :
ताईंनी लाखाचं सांगितलं. आणखी एक : हायवा मुरूम ओतायला डाला उचलतो तेव्हा वर महावितरणची तार आहे का बघा. शेतातल्या तारा उन्हाळ्यात झोळ खातात. ओतायची जागा तारेपासून दूर नक्की करा आणि चालकाला आधी दाखवा.

दूरदेशी_नाशिककर :
मी मूळचा पिंपळगावचा, सध्या कॅनडात. धागा आवडीने वाचतोय, कारण इथं घरापर्यंतच्या लांब खडीच्या वाटेवरचा बर्फ याच आकाराच्या ट्रॅक्टरने आणि अशाच मागच्या पात्याने काढतात. काय सारखं आणि काय वेगळं ते लिहितो, कोणाची मुलंबाळं इकडे असतील तर उपयोगी पडेल.

सारखं म्हणजे पातं तिरकं, माल कडेला, थोडा थोडा. वेगळं म्हणजे वजन. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो, बसलेला दोनशे-तीनशे. चिखलाच्या मानाने काहीच नाही, म्हणून इथं २५ एचपीला ५ फुटी पातं सहज चालतं. पण निसरडं असतं. मागच्या टायरांत द्रव भरतात (गोठू नये म्हणून साधं पाणी नाही) आणि वर साखळ्या चढवतात.

खडीच्या वाटेवर पात्याखाली दोन्ही टोकांना घसरबूट बसवतात, म्हणजे धार जमिनीपासून इंचभर वर राहते. तसं केलं नाही तर सगळी खडी बर्फाबरोबर हिरवळीत जाते. जमीन पक्की गोठल्यावर बूट कमी केले तरी चालतं. सुरुवातीच्या बर्फाला ढीग मुद्दाम लांब मागे सारायचे. हिवाळाभर तेच ढीग रुंदावत येतात आणि जानेवारीत वाट अरुंद होते. ढीग वाऱ्याच्या बाजूला करायचे नाहीत, त्यांच्या आडोशाला वाऱ्याने आणलेला बर्फ वाटेवरच साठतो.

फूटभराच्या वर पडला किंवा कडेला जागाच उरली नाही की मग पीटीओवर चालणारा स्नो ब्लोअर. ५४० आरपीएम, आणि आत शिअर बोल्ट असतात. दगड आला की बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तुटल्यावर तिथं जास्त कडक बोल्ट घालायचा नाही, पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो. ओल्या बर्फाने नळकांडं चोंदलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, सगळं फिरायचं थांबल्यावर दांडक्याने मोकळं करायचं. हात कधीच घालायचा नाही.

वेल्डिंग_ओझर :
घसरबुटांची कल्पना इथं मुरमावरही चालेल. चिखल निघाल्यावर शेवटच्या सपाटीच्या फेरीला टोकांना १२ मिमी पट्टीचे वर वळवलेले बूट लावले तर धार मुरमात घुसत नाही. उंची बदलायला तीन भोकं ठेवायची, पाऊण इंचाच्या अंतराने.

कादवाकाठ :
पातं मागे ढकलायला वापरू का? शेडसमोर वळायला जागा नाही, उलटं जाऊन माल ढकलावा लागेल.

दिंडोरीचा_मळा :
हलका माल, कमी वेग, आणि पातं १८० अंशांत फिरवून सरळ लावलेलं असेल तरच. मागच्या लिंक ओढण्यासाठी बनवलेल्या असतात. उलट दाबाला त्या वाकतात, आणि तिरक्या पात्याने ढकलाल तर एकाच लिंकवर सगळा जोर येतो. लिंक वाकली की पुढे कुठलंच अवजार सरळ बसत नाही. शेडसमोरचा दहा-पंधरा फुटांचा तुकडा पावड्याने काढा, तेच बरं.

मुरूमखडी :
आता कायमच्या कामाकडे या, कारण चिखल काढून फक्त यंदाचा हंगाम निघेल.

पहिलं काम चराचं. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन २५-२५ मीटरवर खुंट्या मारा आणि रस्त्याचा सगळ्यात खालचा बिंदू शोधा. त्या बिंदूकडे एका बाजूने दीड फूट खोल चर, उतार शंभर मीटरला किमान अर्धा मीटर. इतका उतार नैसर्गिक मिळत नसेल तर चर मधूनच दोन दिशांना काढा. मिनी ट्रॅक्टरला सरी यंत्र लावून वरचा फूटभर निघतो, बाकी जेसीबीचा लहान बकेट. काळ्या मातीत चराच्या बाजू उभ्या ठेवू नका, दीडास एक उतार द्या, नाहीतर पहिल्या पावसात ढासळतात.

चर रस्त्याखालून न्यायचा तिथं सिमेंटचा पाइप. ३०० मिमीचा पाइप द्राक्षाच्या पाल्याने आणि मल्चिंगच्या कागदाने चोंदतो, ४५० मिमी टाका. पाइपाला २ टक्के उतार, वर किमान दीड फूट दाबलेला मुरूम, आणि पाणी पडतं तिथं दगडांची फरसबंदी. पाणी शेजाऱ्याच्या वावरात सोडायचं नाही. नैसर्गिक प्रवाह वळवून नुकसान झालं तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तो तहसीलदाराकडे जाऊ शकतो, आणि रस्त्याचा वाद त्यात अडकतो. आधी त्याच्याशी बोलून वाट ठरवा.

दुसरं काम भराव. काळ्या मातीवर थेट मुरूम टाकला की ओल्यात माती वर येते आणि मुरूम खाली जातो. ही माती ओलीने फुगते, सुकल्यावर भेगाळते. म्हणून मध्ये काहीतरी हवं : एकतर ९ इंचांचं दगडी सोलिंग (दगडांचा थर), नाहीतर १५० ते २०० जीएसएमचा न विणलेला जिओटेक्स्टाइल कागद, जोडाला एक फूट चढवून. आपल्याकडे बेसॉल्टचा दगड जवळ मिळतो, त्यामुळे सोलिंग पुष्कळांना परवडतं. पण रस्ता वावराच्या खाली असेल तर सोलिंग आणि मुरूम दोन्ही लागतील, म्हणजे तो पंधरा-वीस सेंमी वर निघेल.

ब्रासचा हिशोब : दाबून १५ सेंमी जाडीला २५० × ३ × ०.१५ = ११२.५ घनमीटर. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून १.३ ने गुणा, १४६ घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटर, म्हणजे ५२ ब्रास. सोलिंग केलंत तर वर १० सेंमी पुरतो, तेव्हा ३५ ब्रास. गाडी ब्रासवर ठरवा आणि डाल्याची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकाराला शंभराने भागा. "एक गाडी" असं ठरवलं की वाद होतो. मुरूम गौण खनिज आहे, स्वामित्वधन भरल्याची पावती आणि वाहतूक पास गाडीबरोबर असल्याची खात्री करा.

मुरूम निवडताना ओला करून मुठीत दाबा. हात पिवळट-तांबूस होऊन गोळा बसला आणि सुकल्यावर कडक राहिला तर चांगला. हाताला साबणासारखा लागला तर चिकणमाती जास्त आहे, रस्ता निसरडा होईल. नुसताच खडा असेल, गोळा होत नसेल, तर तो वाहनांनी कडेला उडेल.

पसरायला हेच ब्लेड. १० सेंमीच्या थरात पसरा, टँकरने पाणी मारा, वर सांगितलेल्या गोळ्याच्या कसोटीवर ओल आणा आणि मग ८ ते १० टनी रोलर, कडेकडून मध्याकडे. मिनी ट्रॅक्टरच्या चाकाने दबाई होत नाही. चाक फक्त दोन पट्टे दाबतं, म्हणजे नवीन रस्त्यात पहिल्याच दिवशी चाकोरी तयार. मधला उंचवटा कडेपेक्षा ६ ते ७ सेंमी वर राहिला पाहिजे.

सिन्नरकर :
खड्ड्यांबद्दल : खड्ड्यात सुटा मुरूम टाकून पुढे जाऊ नका. खड्ड्याचा तळ टणक आणि वाटीसारखा असतो, त्यात पाणी राहतंच. खड्ड्याच्या तळाच्या खोलीपर्यंत आजूबाजूचा मुरूम टिकावाने उकरा, कडा उभ्या करा, ओलावून एकत्र दाबा.

वडाळीभोई_ताई :
डांबरी सडकेला जोडणारा वीस मीटरचा चढ आहे, तिथं मुरूम दरवर्षी वाहून जातो. तेवढ्याला सिमेंटच्या दोन पट्ट्या टाकाव्या म्हणते. माल काढताना पिकअप येतो, एरवी मिनी ट्रॅक्टर. पट्ट्या किती रुंद?

मुरूमखडी :
ताई, इथं दोन गाड्यांच्या चाकांतलं अंतर वेगळं आहे. पिकअपच्या चाकांच्या मध्यातलं अंतर साधारण १.४ ते १.५ मीटर, मिनी ट्रॅक्टरचं ०.८ मीटरच्या आसपास. दीड-दोन फुटी पट्ट्या पिकअपच्या मापाने टाकल्या तर ट्रॅक्टर मधल्या मातीतून चालेल. प्रत्येक पट्टी ९० सेंमी रुंद करा आणि मध्ये ६० सेंमी मोकळी जागा ठेवा. मग ट्रॅक्टरचं चाक पट्टीच्या आतल्या भागावर आणि पिकअपचं मध्यावर येतं. टेप लावून आपल्या ट्रॅक्टरची चाकं आधी मोजा, कारण रिम उलटवून पाटा (चाकांतलं अंतर) कमी-जास्त केलेला असू शकतो.

जाडी १५ सेंमी, एम २० काँक्रीट, खाली १० सेंमी दाबलेला मुरूम. वीस मीटरला ५.४ घनमीटर लागेल. दर तीन-चार मीटरला आडवा सांधा ठेवा, पृष्ठभागावर खराट्याने आडव्या रेघा ओढा म्हणजे ओल्यात पकड राहते. मधल्या ६० सेंमीत दगड घट्ट बसवा, माती ठेवली तर त्याचीच नाली होते. चढाच्या तळाला, पट्ट्या संपतात तिथं, रस्त्याला आडवी वीतभर खोल सिमेंटची पन्हळ काढून ती चराला जोडा. पट्ट्यांवरून वेगाने आलेलं पाणी तिथं वळलं नाही तर पुढचा मुरूम नेमका त्याच जागी खचतो.

कादवाकाठ :
ठरलं. या आठवड्यात तोंडं पाडून पाणी सोडतो, बागेच्या टोकाला टाकी बसवतो आणि ४ फुटी ब्लेड बोल्टच्या धारेसकट बनवायला टाकतो. चर आणि सोलिंग माल निघाल्यावर, एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारास घेतो. तेव्हा जमीन कोरडी असते आणि रोलरही मोकळा मिळतो. खुंट्यांची मापं आली की इथंच टाकतो, चराची दिशा एकदा बघून सांगा.